पावतीबुक (५०×२, कार्बनसह): रेसिडेंटांसाठी दोन वर्षं वापरलेलं

वस्तू साधी आहे. किराणावाला, पतसंस्था, गणेश मंडळ वापरतं तसलं पावतीबुक. पन्नास नंबरांचं. प्रत्येक नंबराला दोन पानं, वरचं पांढरं, खालचं गुलाबी, मधे निळा कार्बन. आमच्या गावात बसस्टँडच्या मागे जो छापखाना आहे तिथून छापून घेतलेलं. यावर वर्गणी फाडत नाही. माझ्या हाताखाली आलेल्या रेसिडेंट (एमडी-एमएस शिकणाऱ्या) डॉक्टरांनी त्या दिवशी काय केलं, ते मी यावर लिहून देते. पांढरं पान त्यांना, गुलाबी बुकात.

तारे द्यावेच लागतात म्हणून चार दिले. पाचवा का कापला ते पुढे येईल.

मी फिजिशियन. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेला, पैनगंगेच्या अंगाला, सरकारी रुग्णालयात बावीस वर्षं झाली. आमच्या ओपीडीत वऱ्हाडी, तेलुगू, कोलामी, गोंडी असं सगळं एका बाकावर बसलेलं असतं. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी सुरू झाली की विषबाधा, पावसात साप, सोयाबीन निघालं की मळणीयंत्रात गेलेले हात, आणि बारा महिने बीपी-शुगर. २०१७ च्या फवारणीत या जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं गेली, तेव्हा आम्ही रात्र रात्र ॲट्रोपिन, म्हणजे त्या विषावरचा उतारा, मोजत होतो. तेव्हा इथं रेसिडेंट नव्हते. आता येतात. एमडी-एमएस करणाऱ्यांना तिसऱ्या ते पाचव्या सत्रात कधीतरी तीन महिने जिल्हा पातळीवरच्या सरकारी रुग्णालयात काढावे लागतात. २०२० मध्ये हा नियम आला, २०२३ च्या नव्या पीजी नियमावलीतही राहिला. डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्रॅम. पोरं 'डीआरपी' म्हणतात, आणि पहिल्या दिवशी 'मॅडम, इथं नेटवर्क कुठं येतं' एवढंच विचारतात. पाण्याच्या टाकीपाशी येतं.

तीन महिने संपले की कॉलेजकडून एक फॉर्म येतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या अभ्यासक्रमाला जोडलेला मूल्यमापनाचा तक्ता. ज्ञान, रुग्णसेवा, सहकाऱ्यांबरोबरचं काम, नातेवाइकांशी बोलणं, जबाबदारी असे रकाने, आणि प्रत्येकापुढे १ ते ९ आकडे. १ ते ३ म्हणजे समाधानकारक नाही, ४ ते ६ समाधानकारक, ७ ते ९ त्याहून वर. शेवटी एक प्रश्न असतो: हे मूल्यमापन विद्यार्थ्याशी बोलून झालं आहे का? हो किंवा नाही. मी पहिल्या तुकडीपासून सगळ्यांना सात-सात-आठ-सात देत आले आणि 'हो'वर खूण करत आले. बोलणं म्हणजे काय, तर जायच्या दिवशी चहा पाजायचा आणि 'छान केलंस, असंच कर' म्हणायचं.

मग एक मुलगी आली. अबोल, कामाला वाघ. जाताना चहाचा कप हातात धरून तिनं विचारलं, "मॅडम, सात म्हणजे काय? आठ मिळायला मी काय करायला हवं होतं?" मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं, या पोरीला तीन महिन्यांत एकही पेशंट मी शेवटपर्यंत बघताना पाहिलेलं नाही. रात्री फोनवर तिनं सांगितलेलं ऐकलं होतं, सकाळी केसपेपरवर तिनं लिहिलेलं वाचलं होतं. म्हणजे मी तिच्या अक्षराला आणि तिच्या इंग्रजीला सात दिले होते. तिला काहीतरी गुळमुळीत सांगितलं. तिनं 'थँक यू मॅडम' म्हटलं आणि यवतमाळची एसटी पकडली. ते अजून खुपतं.

त्यानंतर जे जे वापरून पाहिलं ते थोडक्यात. एक इलेक्ट्रॉनिक लॉगबुक ॲप होतं, नाव घेत नाही. वॉर्डात उघडत नसे, टाकीपाशी उघडे. पोरं महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी टाकीखाली उभी राहून तीस तीस प्रोसिजर भरत आणि माझ्या फोनवर 'सगळे मंजूर करा' असं एक हिरवं बटण येई. मी दाबत असे. व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहून पाहिलं, तर एकाला सांगितलेलं अकराजणांनी वाचलं आणि खाली तीन अंगठे आले. वही ठेवली, ती माझीच डायरी झाली. पोरांच्या हातात काहीच पडेना. कुणाच्या तरी हातात काहीतरी द्यायचं आणि आपल्याकडेही ठेवायचं, यासाठी जगात एकच सोय आहे हे मला मंडळाच्या वर्गणीची पावती पाकिटात घालताना सुचलं.

छापखान्यातले भाऊ साठीचे असतील. मी कागदावर नमुना काढून नेला होता: तारीख, वेळ, वॉर्ड आणि खाट, 'काय पाहिलं', 'पुढच्या वेळी काय', खाली देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. भाऊंनी चष्मा वर करून पाहिलं. "हे पावती कायची व्हय, डॉक्टरीणबाई?" मी समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे शिव्या देल्याची पावती."

लगनसराई होती. पत्रिकांच्या ढिगाखाली माझं काम तीन आठवडे दबलं. आलं तेव्हा वर '॥ श्री ॥', कोपऱ्यात रुपयाची खूण असलेली चौकोनी खिडकी, आणि मधोमध लांबलचक ओळ, 'अक्षरी रुपये'. कॉम्प्युटरवरच्या पोरानं कुठल्यातरी पतसंस्थेच्या जुन्या पावतीवरच माझा मजकूर बसवला होता. वीस बुकं, एक हजार नंबर, छापून, शिवून, पुठ्ठा लावून तयार. भाऊंनी कानाला हात लावला आणि चौदाशेचे सातशे केले. मी चरफडत घेऊन आले.

वॉर्डात पहिल्याच आठवड्यात एकानं विचारलं, "मॅडम, या खिडकीत काय लिहायचं?" मी म्हटलं, काही नाही, सोडून दे. आमच्या इन्चार्ज सिस्टर औषधांची ट्रॉली लावत होत्या. तिकडूनच म्हणाल्या, "अंकी सोडा, अक्षरी भरा." त्यांनी मला दर तिमाहीला तो सात-आठचा तक्ता भरताना पाहिलेलं आहे. पुढच्या छपाईत मी 'रुपये' आणि खिडकी काढायला सांगितलं. 'अक्षरी' राहू दिलं. आता पावतीवर तेवढा एकच मोठा रकाना आहे, चार ओळींचा, आणि त्याच्यावर 'अक्षरी' छापलेलं आहे. नवीन पोरं पहिल्यांदा हसतात.

रकान्यामागची कल्पना माझी नाही. अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनच्या बोर्डासाठी जॉन नॉर्सिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मिनी-सीईएक्स नावाची पद्धत मांडली. शिकवणाऱ्यानं पंधरा-वीस मिनिटं खऱ्या पेशंटपाशी उभं राहून रेसिडेंटचं काम बघायचं आणि बघितल्या बघितल्या त्याला सांगायचं. त्यातही नऊ आकड्यांची पट्टी आहेच. पट्टी मी सोडली, उभं राहणं घेतलं. आणि उभं राहणं हेच महाग आहे, बुक सत्तर रुपयांचं. राउंड, ओपीडी, एखादा पोस्टमॉर्टेम, तालुक्याची मीटिंग, यातून पंधरा मिनिटं गप्प उभं राहणं मला पहिल्या महिन्यात जमलंच नाही. मी मधेच हात घालायची. सलाइन स्वतः लावून मोकळी व्हायची. मग लिहायचं काय, माझंच काम?

आता वापर कसा होतो ते एका पावतीवरून सांगते.

ऑगस्टअखेरची रात्र. चौतीस वर्षांचा माणूस, पाठीवरचा फवारणीचा पंप गळून अंगावरचा शर्ट भिजलेला. तोंडाला फेस, छातीत घरघर, बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या. सिस्टरनं आणि वॉर्डबॉय मामांनी कपडे कापून काढले, साबणानं धुतला. दुसऱ्या वर्षाचा मेडिसिनचा रेसिडेंट होता. ॲट्रोपिनचं आपल्याकडचं ॲम्प्यूल ०.६ मिलिग्रॅमचं. त्यानं तीन दिले, पाच मिनिटांनी सहा, मग बारा. हिशेब पक्का, घड्याळावर नजर पक्की. पण प्रत्येक वेळी टॉर्च काढायचा आणि डोळ्यात बघायचा. बाहुल्या मोठ्या झाल्या, नाडी एकशेवीसवर गेली, त्यानं समाधानानं सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. मी दारात उभी होते. माझ्या जागेवरून त्या माणसाची छाती ऐकू येत होती. "छाती ऐक," एवढंच म्हटलं. त्यानं स्टेथोस्कोप लावला, चेहरा बदलला, आणखी ॲट्रोपिन मागितलं. तीनच्या सुमाराला छाती स्वच्छ झाली.

पावती तिथंच, ड्रेसिंगच्या टेबलावर लिहिली:

'बाहुल्यांवर टॉर्च पाच वेळा. छातीला स्टेथोस्कोप एकदा, तोही मी सांगितल्यावर. डोस दुप्पट करत नेला, वेळ एकदाही चुकली नाही. पुढच्या वेळी: थांबायचं की नाही ते छाती ठरवेल.'

त्यानं वाचलं, सही केली. वाद नाही, माफी नाही. वाद घालायला त्यात काही नव्हतंच. टॉर्च पाच वेळा लागला होता, मी मोजला होता. 'तुझं क्लिनिकल जजमेंट कच्चं आहे' असं लिहिलं असतं तर तो रात्रभर त्या वाक्याशी भांडत बसला असता. एकोणीस दिवसांनी त्याच्याच नावावर दुसरी पावती आहे, ती एका ओळीची: 'दर पाच मिनिटांनी छाती. मी काही बोलले नाही.' ती त्यानं मोबाइलच्या कव्हरमध्ये घातली होती, पारदर्शक कव्हर होतं म्हणून मला दिसली.

या बुकाचा एक नियम माझा स्वतःचा. 'छान', 'गुड', 'सुधारणा हवी' हे तीन शब्द लिहायचे नाहीत. कौतुकालाही तपशील लागतो. एकीला मी सुरुवातीला 'नातेवाइकांशी छान बोललीस' असं लिहून दिलं, तर ती म्हणाली, "मॅडम, मी नेमकं काय केलं? म्हणजे पुन्हा करता येईल." रास्त बोलली. मग आठवून लिहिलं: कोलाम म्हातारी खाटेवर नव्हे, खाली सतरंजीवर बसली होती. तू उभ्यानं बोलायला सुरुवात केलीस, अर्ध्यात थांबलीस, खाली बसलीस. तिच्या नातवाला कोलामीत सांगायला लावलंस आणि मग म्हातारीकडूनच वदवून घेतलंस की गोळी कधी घ्यायची. हे चार ओळींत मावलं नाही, मागच्या बाजूला गेलं. पाठीमागे कार्बन उमटत नाही, म्हणून माझ्या गुलाबी पानावर हे अर्धंच आहे.

सापाच्या दिवसांतल्या पावत्या मजेशीर आहेत. रक्त गोठतंय का बघायला दोन मिलिलिटर रक्त काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत घेऊन वीस मिनिटं हलवायचं नाही, मग आडवी करून बघायचं. एवढं सोपं. माझ्याकडे या एका परीक्षेच्या सात पावत्या आहेत. 'नळी प्लॅस्टिकची.' 'नळी धुतलेली, साबण असणार.' 'अकराव्या मिनिटाला हलवून पाहिली.' 'अठराव्या मिनिटाला वाकडी केली, का? तर राहवलं नाही.' सातही वेगवेगळ्या पोरांच्या आहेत. तेव्हा मला कळलं की हा दोष एकेकाचा नाही. आता तुकडी आली की पहिल्या दिवशी मी सगळ्यांना घड्याळ लावून वीस मिनिटं नळीसमोर बसवते. गुलाबी पानांचा हा फायदा मी बुक छापताना धरलाच नव्हता.

दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, दुपारची ओपीडी ओसरली की, एकेका रेसिडेंटची गुलाबी पानं टेबलावर लावायची आणि दोघांनी मिळून वाचायची. अर्धा तास लागतो. एक मुलगा होता, हुशार, पेशंटचं वाक्य पुरं होऊ देत नसे. पहिल्या महिन्यात चार पावत्या त्याच. 'आजीनं "पोट" म्हणताच कुठं, किती, कसं विचारलं. ती गप्प झाली.' दुसऱ्या महिन्यात दोन. तिसऱ्यात एक आहे: 'पहिली दोन मिनिटं गप्प बसलास. बाबांनी आपणहून सांगितलं की शुगरची गोळी एक दिवसाआड घेतात, पैसे पुरावेत म्हणून.' ती सात पानं ओळीनं लावली तेव्हा तो बराच वेळ बघत राहिला. मग त्या तक्त्यात मी 'नातेवाइकांशी व रुग्णाशी संवाद' पुढे काय लिहायचं? तिसऱ्या महिन्याचं बघून आठ? सरासरी काढून सहा? मी सात लिहिलं. पण शेवटच्या प्रश्नावर 'हो' ही खूण पहिल्यांदा खरी होती. कॉलेजला सोबत गुलाबी पानांची झेरॉक्स जोडली होती. तिथून फोन आला, जोडपत्रं नकोत, फक्त फॉर्म पाठवा, फाइल जाड होते.

आता चुका. आधी माझ्या, मग बुकाच्या.

पावसाळ्यातच एक सोळा वर्षांची मुलगी आणली होती. घरात खाली झोपलेली, मण्यार चावली. पापण्या मिटायला लागलेल्या, श्वास उथळ. रेसिडेंटनं श्वासाची ट्यूब टाकली, तिसऱ्या प्रयत्नात गेली. अँटीव्हेनम चालू होतं, ॲम्ब्युलन्स दारात होती. मुलगी पहाटे गेली. बापानं तिची चप्पल हातात धरली होती, ती त्यानं शेवटपर्यंत सोडली नाही. आणि मी, बाई माणूस, बावीस वर्षांची डॉक्टर, पाच वाजता बुक काढून लिहिलं: 'पहिल्या दोन प्रयत्नांत डोक्याखाली काही घेतलं नव्हतं. तिसऱ्या वेळी उशी घेतली, ट्यूब गेली. पुढच्या वेळी: आधी उशी.' एकेक अक्षर खरं. फाडून त्याच्या हातात दिलं. त्यानं घडी घातली, खिशात ठेवली, चार दिवस 'हो मॅडम'शिवाय बोलला नाही.

पाचव्या दिवशी सिस्टर मला म्हणाल्या, "मॅडम, पावती बरोबर होती. टाइम बरोबर नव्हता."

माझ्या स्वतःच्या रेसिडेन्सीत अभिप्राय म्हणजे केसपेपर अंगावर येणं. मला वाटत होतं मी त्याच्या फार पुढे आले. त्या मुलाला मी नंतर घाटंजी रस्त्यावरच्या टपरीवर चहाला नेलं आणि माझ्या हातून गेलेल्या एकाची गोष्ट सांगितली. बुक दवाखान्यातच ठेवलं होतं. तेव्हापासून पेशंट गेला त्या दिवशी पावती फाडायची नाही, असं पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलंय. छत्तीस तासांच्या ड्यूटीच्या शेवटीही नाही. आणि एक गोष्ट या बुकात कधीच जात नाही: बीपी न मोजता १२०/८० लिहिणं. दोनदा सापडलं. त्यासाठी दार लावून बोलायचं असतं, पावती लहान पडते.

दुसरी चूक हसण्यावारी गेली. पावती लिहून मी खाटेशेजारच्या टेबलावर ठेवली आणि कुणीतरी हाक मारली म्हणून गेले. अर्ध्या तासानं समोरच्या मेडिकलमधून फोन. "मॅडम, एक काका चिठ्ठी घेऊन आलेत. 'मधे दोनदा थांबवलं, पुढच्या वेळी आधी पूर्ण ऐकून घ्या.' याचं कंटेंट काय देऊ?" काकांनी दोनशेची नोट काउंटरवर ठेवली होती. तिसऱ्या छपाईपासून तळाला बारीक अक्षरात आहे: 'ही औषधाची चिठ्ठी नाही.'

बुकाचे दोष असे. कार्बन उन्हाळ्यात टिकत नाही. मे महिन्यात इकडे पारा पंचेचाळिसावर, कूलर फक्त आयसीयूत. कार्बन बोटांना, ॲप्रनला, एकदा पेशंटच्या पट्टीला लागला. खालची प्रत जोर देऊन लिहिलं तरच उमटते आणि आम्हा डॉक्टरांना जोर देऊन लिहायची सवय नाही. पहिल्या महिन्यातल्या निम्म्या गुलाबी पानांवर नुसत्या निळ्या जाळ्या आहेत. यासाठी एक तारा कापलाय. बिनकार्बनचा कागद मिळतो, आपोआप उमटणारा, भाऊंनी दाखवला. बुकाचे सत्तरचे शंभरावर जातात, आणि गुलाबी पानावरची अक्षरं उन्हात पुसट होतात असं ते स्वतःच म्हणाले. दुकानदार स्वतःच्या मालाबद्दल इतकं खरं बोलतो तेव्हा त्याच्याकडूनच घ्यावं, म्हणून कार्बनवरच थांबले.

फाडायची रेघ दुसऱ्या छपाईत इतकी कच्ची होती की पान सहीतूनच फाटायचं. नंबर एकदा दुबार पडले, ०४०१ ते ०४५० दोन बुकांवर आहेत. 'निरीक्षण' चुकून 'निरिक्षण' छापलं होतं, तेही एका रेसिडेंटनंच दाखवलं. त्याच्यासाठी मी पावती फाडली.

सगळ्या पोरांना मराठी येतंच असं नाही. ऑल इंडिया कोट्यातून राजस्थानचे, केरळचेही येतात. त्यांना मी हिंदीत लिहून देते. राजस्थानच्या एका मुलानं मात्र हट्टानं मराठीतच मागितली आणि ती घेऊन सिस्टरकडून वाचून घ्यायचा. त्याचं मराठी जाताना माझ्याहून वऱ्हाडी झालं होतं.

सिस्टरचं निघालंच म्हणून. गेल्या वर्षीपासून एक बुक इन्चार्ज सिस्टरांकडे असतं. पहिल्यांदा एका रेसिडेंटला ते फार लागलं, सिस्टर मला लिहून देणार? मी म्हटलं, रात्री दोन वाजता तुला मी बघते की त्या? त्यांची अक्षरी मोजकी असते. 'सलाइन लावतानी बोलले. पेशंट घाबरला नाही.' 'फोन उचलला. आले नाही. परत केला, आले.' माझ्या चार ओळींपेक्षा त्यांच्या दीड ओळीची पोरं जास्त वाट बघतात, हे मला जरासं झोंबतं.

आणि मलाही एक पावती मिळाली आहे. शेवटच्या शनिवारी एका मुलीनं विचारलं, "मॅडम, उलटी फाडली तर चालेल?" देणाऱ्याच्या जागी तिची सही, घेणाऱ्याच्या जागी माझी. 'पावती देताना तीन वेळा घड्याळ पाहिलं. माझं म्हणणं विचारलं, पण उत्तर येईपर्यंत पुढची पावती काढली होती. पुढच्या वेळी: बुक मिटून विचारा.' गुलाबी पान माझ्याच बुकात आहे, नंबर ०६३८, हवं तर दाखवीन.

गावातले साउंडवाले फीडबॅक कशाला म्हणतात माहीत आहे ना? माइक कर्ण्यासमोर धरला की जी शिट्टी वाजते, तिला. ती शिट्टी मी बरीच वर्षं वाजवली आहे.

कुणाला करून घ्यायचं असेल तर: आकार वहीच्या अर्ध्या पानाचा घ्या, त्याहून लहान नको. एका बुकात पन्नासच नंबर, शंभर केले तर खिशात राहत नाही. प्रूफ स्वतः बघा, आणि 'अक्षरी' ठेवायला सांगा. आकड्याची खिडकी सांगूनही छापून येते. एका रेसिडेंटला तीन महिन्यांत दहा-बारा पावत्या पुष्कळ झाल्या. मी एकदा उत्साहात तीस फाडल्या, तर तो मला बघितलं की जिना बदलायचा. डिसेंबर ते मे ऑर्डर देऊ नका, पत्रिका असतात. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली असेल तर विचारूसुद्धा नका.

चौथ्या छपाईचा ॲडव्हान्स परवा देऊन आले. जाड पुठ्ठा, रेघ पक्की, कार्बन नवीन. भाऊंनी विचारलं, "शिव्या वाढल्या काय, डॉक्टरीणबाई?" बुधवारी देतो म्हणाले आहेत, म्हणजे शनिवार धरून चालायचं.